स्टार्टरातली चांदी

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला की पॉइंट बदलायचं काम आमच्या घरात माझंच. हे गेल्यावर मी मेकॅनिकचं पाहून पाहून शिकले. पॉइंट म्हणजे तांब्याच्या पट्टीवरची डाळीएवढी टिकली. जुने पॉइंट मी डब्यात टाकत गेले. ती टिकली चांदीची असते हे भंगारवाल्यानं सांगितलं, आणि मग मला काही चैन पडेना. नातीचे वाळे याच चांदीचे करायचे, असं मनानं घेतलं.

सून म्हणाली, "आई, बारशाले पोरीच्या पायात मोटर घालता का?"

अनसिंगला सोनाराकडे डबा नेला. म्हटलं, "दादा, मी तं चुलीवरच वितळवनार होती."

तो ओरडलाच. "भलतं करू नका, काकू! याच्यात कॅडमियम मिसयलेलं असते. त्या धुरानं माणूस मरते."

त्यानं टिकल्या काढल्या, मागच्या उघड्या अंगणात काचेच्या भांड्यात तेजाबात टाकल्या आणि मला लांब उभं केलं. तांबडा धूर निघाला. थोड्या वेळानं पाहते तर टिकल्याच नाहीत! नुसतं निळं पाणी.

"माही चांदी कुठी गेली?"

"त्याच पान्यात हाये."

"मले तं निळंच दिसून राह्यलं."

"दम धरा नं, काकू."

त्यानं तांब्याची पट्टी आत सोडली. तिच्यावर राखाडी शेवाळ धरल्यासारखं झालं. झटकलं की गाळ खाली, पट्टीवर पुन्हा नवं. तांबं पाण्यात उतरतं आणि चांदीला बाहेर काढतं म्हणे. तांबं आपली जागा काहून सोडते, हे मी तीनदा विचारलं. "मले काय माहीत? बापानं शिकवलं," म्हणाला.

तो गाळ धुऊन, वाळवून, टाकणखार घालून वितळवला तेव्हा कुठे पांढरी गोळी दिसली. पण भरली एकाच वाळ्यापुरती.

"पॉइंट घासत होत्या का?"

"मंग! स्टार्टर घूं घूं करे तं पॉलिश पेपरनं घासाच लागे."

"तं अर्धी चांदी तुमीच वावरात पेरली. दुकानातली टाकून जोडी करून देऊ?"

मी नको म्हटलं. बारशाला एकाच पायात वाळा घातला. पोरगी तोच पाय झाडत राहिली, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

परवा शेजारच्या वावरातला पुतण्या पॉलिश पेपर मागायला आला.

"घासू नको," मी म्हटलं. "पॉइंट काढून माह्याकडे आन. नवे मी बसवून देईन."

"काहून, काकू?"

"एक पाय राह्यला नं बापा, पोरीचा."