चाखलं म्हणजे जेवण झालं

रंजनाबेन हार्ट अटॅकनं गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. मी पोळ्या लाटत होते. खरं सांगते, आधी त्यांचा विचार आलाच नाही... पिठाच्या हातानं मी माझी नाडी धरून बघितली. भीतीच तशी वाटली.

सुरतेत मराठी शाळेतल्या बाईंनाही मुलं बेनच म्हणतात. आम्ही दोघी भेस्तानहून एका रिक्षानं शाळेत जायचो. त्यांचं माहेर अमळनेरकडचं. रिक्षात अहिराणी, वर्गात मराठी, ऑफिसात गुजराती. तिन्ही भाषांत त्या दुसऱ्यांच्याच तब्येतीची चौकशी करायच्या. “अगं, डोळे बघ कसे झालेत, नंबर तपासून घे,” हे मला रोजचं.

स्वतःचं मात्र विचारू नका. मध्यान्ह भोजन मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखून बघायचं असतं. ते काम रंजनाबेननी मागून घेतलं होतं. चमचाभर खिचडी तोंडात टाकायच्या आणि डबा तसाच घरी परत न्यायच्या. मी रागावले की म्हणायच्या, “चाखलं म्हणजे जेवण झालं गं.” पाणीही प्यायच्या नाहीत. प्यालं की बाथरूमला जावं लागणार, आणि एकत्र बसवलेले दोन वर्ग सोडून जायचं कसं? तसं आम्ही सगळ्याच करतो, उगाच त्यांच्या एकटीच्या माथी मारायला नको.

एकदा ताण कसा कमी करावा याचं प्रशिक्षण झालं. तेही रविवारी, म्हणजे बघा. आलेल्या साहेबांनी डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लावला. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर रंजनाबेन मांडीवर पेपर तपासत होत्या. खुणेनं विचारलं तर पुटपुटल्या, “श्वास चालू आहे की.” आम्ही तोंड दाबून हसलो.

शाळेतून घरी आल्या आणि हार्ट अटॅकनं गेल्या. दुखणं आधीपासून असणार, असं डॉक्टर म्हणाले. घरी कुणाला माहीत नव्हतं. रोज त्यांच्याशेजारी बसून जाणाऱ्या मलाही नाही...

पंधरवड्यानं त्यांचे वर्ग माझ्याकडे आले, चाखायचं कामही आलं. विचारलं कुणी नाही, नुसतं सांगितलं. त्या गेल्यापासूनच माझ्या छातीत धडधडत होतं, मध्येच कळ यायची. पित्त असेल, जागरण असेल, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. डॉक्टरकडे जायचं तर रजा हवी, आणि रजा घेतली तर वर्ग कोण बघणार... रंजनाबेनही हेच म्हणत असणार, या विचारानं आणखी घाबरायचे.

पहिल्याच दिवशी त्यांच्या वर्गात नुसता गोंधळ. फळ्यावर तारीख लिहून मी वळले, कळ आली आणि हात आपसूक छातीवर गेला. वर्ग एकदम गप्प झाला. सगळ्या मुलांनी डोकी बाकावर टेकवली, डोळे मिटले. मी तर काहीच म्हणाले नव्हते.

“हे काय करताय?” मी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

“बेन असा हात ठेवायच्या ना, तेव्हा गप झोपायचं. मग त्यांचं थांबायचं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.” तिनं डोकं जरासं उचललं आणि घरच्या बोलीत हळूच विचारलं, “तुमले बी दुखस का?”

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते त्या पोरीला सांगितलं. हो म्हणाले. मग वर्ग तसाच सोडून ऑफिसात गेले आणि मी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जातेय, असं मोठ्या बेनना, म्हणजे मुख्याध्यापिकांना सांगितलं. पर्स घ्यायला परत आले, तेव्हाही मुलांची डोकी बाकावरच होती.