उटीच्या वाटेवर कुडाळ

एखाद्या ठिकाणी जाऊन आलेल्या माणसाकडे दोन-चार किस्से असतात. न पोचलेल्याकडे त्याहून जास्त असतात. उटी बघायच्या आधीच माझ्याकडे उटीचे इतके किस्से साठले होते की भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला "काय गं उटी, भाजी आणलीस का?" अशीच हाक मारायच्या.

सगळ्याचं मूळ आमच्या चौकडीत आहे. मी, माझा नवरा सुनील, समोरच्या दारातले परब भावजी आणि त्यांची बायको सुलभा. ते तिघं कुडाळकडचे, मी एकटी नगरची. माझ्या माहेरी पाणी टँकरने यायचं आणि स्वयंपाकघरात उटीच्या हिरव्या डोंगरांचं कॅलेंडर होतं. वर्ष संपून गेलं तरी आईने ते उतरवलं नव्हतं. ते डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढंच मी लग्नात सुनीलकडे मागितलं. "झकास, जाऊया," म्हणाला. त्याला आता तेवीस वर्षं झाली.

"आपण दोघंच जाऊ ना रे," असंही मी म्हणून बघितलं. "दोघांनी जाऊन काय एकमेकांची तोंडं बघायची?" हे नवऱ्याचं उत्तर!

*

मुंबईहून गाडीने उटीला जायचं तर पुणे, कोल्हापूर, बेळगाव असं जातात. कोणीही सांगेल. पहिल्या वेळी परब भावजींनी गाडी सरळ गोवा हायवेला घातली. म्हणे, "वाटेत गाव हा, देवाक नमस्कार करून फुडे जावया."

वाटेत! हा माणूस काश्मीरला निघाला तरी कुडाळ वाटेत येईल.

नमस्कार चार दिवस चालला. चुलत्याच्या कुंपणाचं भांडण मिटवलं, आंबे उतरवले, रोज मासे खाल्ले आणि सुट्टी संपली. मी खास उटीसाठी घेतलेला स्वेटर घडीसुद्धा न मोडता बॅगेत होता. निघताना परबांच्या आईने तो मागून घेतला आणि त्यात फणस गुंडाळला, चीक सीटला लागू नये म्हणून. भांडुपला उतरलो तर खालच्या मजल्यावरची विचारते, "उटीला फणसपण होतात का गं?"

*

पुढच्या खेपेला मी आधीच सांगितलं, नमस्कार पाच मिनिटांचा. तेव्हा भावजींनी देवळात कौल लावायचं काढलं. देवाच्या मूर्तीवर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

डावीकडची पडली.

"देव नाय म्हणता," भावजी म्हणाले. मी म्हटलं, "पुन्हा विचारा." तर एकच प्रश्न दोनदा विचारायचा नसतो. मग भावजींनी दुसरा प्रश्न विचारला, गोव्याला जाऊ का? उजवीकडची पाकळी टपकन पडली! आम्ही तीन दिवस गोव्यात होतो. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

*

यंदा मी अटच घातली. गाडी कोल्हापूरवरून जाणार, नाहीतर मी येत नाही आणि डबेही करत नाही. डब्यांमुळे सगळे कबूल झाले.

बेळगावच्या पुढे भावजींनी गाडी कडेला घेतली आणि गुरवाला फोन लावला. म्हणाले, गावाला वळसा घालून चाललोय, निदान गाऱ्हाणं तरी व्हायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून घातलेलं साकडं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. फोन बॉनेटवर ठेवला, स्पीकर लावला. आम्ही चौघं हायवेवर चपला काढून पश्चिमेकडे तोंड करून उभे. गुरव तिकडून म्हणतोय, "ह्या लेकरांका सुखरूप ने, सुखरूप परत हाड रे म्हाराजा." इकडून आम्ही, "व्हय म्हाराजा!" एक ट्रकवाला थांबला आणि गाडी बंद पडली का म्हणून विचारू लागला.

तासाभरात टायर पंक्चर. "देवाक फोनवर इचारलास तर असाच होतला," सुलभा म्हणाली. जसं काही फोन मीच लावला होता!

*

निलगिरीच्या डोंगरात प्लॅस्टिकच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. चांगली गोष्ट आहे. पण चेकपोस्टवर आमच्या डिकीतून पाण्याच्या नाही, कोकम सरबताच्या सात बाटल्या निघाल्या. भावजींना बाहेरचं पाणी बाधतं म्हणे.

बाटल्या इथेच ठेवा, असं तिथल्या माणसाने खुणेने सांगितलं. भावजी म्हणाले, "आयशीन केलेला सरबत टाकूचा?" मग आम्ही चेकपोस्टवर उभ्या उभ्या सात बाटल्या संपवल्या. त्या माणसालाही दोन ग्लास पाजले. तो लगेच खुर्चीत जाऊन बसला. आम्हाला मात्र वर घाटाची वळणं होती. त्या वळणांबद्दल मी काही लिहीत नाही.

*

तर अशी मी उटीला पोचले. आणि उटीत धुकं! पहिल्या दिवशी धुकं, दुसऱ्या दिवशी धुकं. भावजींनी चहाच्या मळ्याच्या कडेला, दिसत होती तेवढी चार झुडपं बघितली आणि म्हणाले, "हयसर काजूची झाडां लावल्यानी असती तर पैसो झालो असतो. आणि धुकाच बघूचा तर आमची आंबोली काय वाईट?" तेवीस वर्षं थांबून मी हे ऐकायला आले होते. सुनील हसला, म्हणून मला आणखी राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. मी हट्टाने सगळ्यांना सर्वांत उंच डोंगरावरच्या पॉइंटवर नेलं. समोर पांढरं, मागे पांढरं. रेलिंगला हात लागत होता म्हणून रेलिंग आहे हे कळत होतं. अर्धा तास झाला. सुलभा म्हणाली, "चल गं, थंडी वाजतेय." सुनील म्हणाला, "पुढच्या वर्षी येऊ."

पुढच्या वर्षी! माझं डोकंच फिरलं. मी चपला काढल्या, हात जोडले आणि तेवीस वर्षं कानांवर पडलेलं सगळं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

"बा ह्या डोंगराच्या देवा म्हाराजा! ही नगरची लेक तुझ्या दारात येऊन उभी ऱ्हवली आसा. तिका कुडाळात आडवल्यानी, गोव्यात फिरवल्यानी, तिच्या सोटरात फणस बांधल्यानी. तिची काय चूकभूल झाली असात ती माफ कर, आणि ह्या धुक्याचा काय ता बघ रे म्हाराजा!"

"अगं, लोक ऐकतील," सुनील कुजबुजला.

तेवढ्यात मागच्या धुक्यातून तीस-चाळीस माणसांचा एकदम आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

भावजी ताडकन वळले. "पावणे, गाव खंयचा?" धुक्यातून उत्तर आलं, कणकवली. आख्खी बस होती. सुलभा पळाली, तिच्यामागे सुनील पळाला. कोण कोणाचा साडू, कोणाची आत्या कुठे दिलेली, सुरू झालं. मी रेलिंगपाशीच उभी होते. समोरचं पांढरं हळूहळू फाटलं आणि खाली हिरवं दिसायला लागलं. एक डोंगर, त्याच्यामागे दुसरा.

"वयनी, इकडे येवा," भावजी मागून ओरडले. "हे आपल्या आत्येच्या गावचे!"

मी मान वळवली नाही. म्हटलं, "थांबा भावजी. उजवीकडची पडलीये."