किलोमीटरला तेवीस

काटेवाल्यांच्या डोक्यात एकदा आकडा शिरला की निघायचं नाव घ्यायचा नाही. पस्तीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर कारकुनी केलेला माणूस, दुसरं काय होणार म्हणा! या वेळी तो आकडा डोक्यात घातला सख्ख्या मुलानं.

"बाबा, विमा, कर, पार्किंगचं भाडं, पेट्रोल, सगळं धरलं तर तुमची गाडी किलोमीटरला एक्केचाळीस रुपयांना पडते. टॅक्सी बावीस घेते. सहा महिन्यांत बाविसाच्या खाली आणा, नाहीतर विकून टाकू."

गाडी होती ती बायकोसाठी. दर गुरुवारी ते तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचे. अर्धांगवायूनं बहिणीची वाचा गेली होती. दोघी तासभर हात हातात धरून बसायच्या, बस्स. पण परतताना बायकोचा चेहरा असा काही खुलायचा की काटेवाले मुद्दाम सावकाश चालवायचे.

रात्रभर आकडेमोड करून त्यांना गोम सापडली. विमा, कर, भाडं ठरलेलंच. गाडी जितकी जास्त पळेल तितकं ते प्रत्येक किलोमीटरवर कमी बसणार. उभी गाडीच महाग! झालं, स्वारी खूश. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शहराबाहेरच्या रिंग रोडवर शंभर किलोमीटर. पेट्रोलसाठी मुदत ठेव मोडली, कुणाला कळूही दिलं नाही. बहिणीच्या रस्त्यावर सिग्नल फार, पेट्रोल जास्त जायचं, आकडा वर सरकायचा. म्हणून गुरुवार एकाआड एक केला. "थोडे दिवस कळ काढ, तुझ्यासाठीच चाललंय," म्हणाले. बायकोनं मान हलवली.

सहा महिन्यांनी त्यांनी मुलासमोर वही ठेवली. "अकरा! बोल आता!"

मुलानं वही चाळली. "चारही टायर गुळगुळीत झालेत, क्लच गेलाय. एवढी पळवलीत म्हणून जुन्या गाड्यांच्या दलालानं किंमतही उतरवली. ते कुठंय यात?" त्यानं फोनवर हिशेब मांडला. "तेवीस."

"एकानंच रे!"

"एकानं तर एकानं. ठरलं होतं ना? उद्या गिऱ्हाईक येतंय."

"मग आईनं मावशीकडे जायचं कसं? माझ्याकडे टॅक्सीपुरतेही उरले नाहीत."

"फोन लावून द्या. नुसतं बसायचंच तर असतं दोघींना."

मुलगा उठून गेला. शेजारी बसलेल्या बायकोनं वही ओढून घेतली. पानोपानी शंभर, शंभर, शंभर. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अहो, एवढे जात होतात कुठं?"

"रिंग रोडला. गोल गोल."

"रोज?"

"रविवार सोडून."

तिनं बोटांच्या पेरांवर हिशेब केला.

"ताईचं घर जाऊन येऊन साठ किलोमीटर," ती म्हणाली. "रोज नेलं असतंत तरी चाललं असतं की हो."

काटेवाल्यांनी तोंड उघडलं. सिग्नलचं सांगायचं होतं. पण तिनं वही मिटली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती दुसऱ्या खोलीत निघून गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलली नाही.