एंटर दाबायच्या आधी

कमांड टाइप करून झाली की ते दोन्ही हात कीबोर्डवरून उचलत आणि छातीसमोर अधांतरी धरत. "आता वाच. मोठ्यानं."

पाथरीच्या एसटी स्टँडसमोर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आम्ही दोघं मिळून चालवायचो; ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बिघडलेली हार्ड डिस्क आली की ते ती लिनक्सच्या मशीनला जोडत, पार्टिशनची, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांची, यादी काढत आणि डिस्कचं नाव, नंबर माझ्याकडून वाचून घेत. मी नसलो तर गिऱ्हाइकाकडून. पेडगावच्या एका म्हातारीला अक्षर येत नव्हतं, तर तिच्याकडून वदवून घेतलं. "म्हणा आक्का, एसडीबी."

"पूजा सांगायलास का रं बाबा?"

"तसंच समजा. एकदा एंटर दाबलं की देवबी माघारी देत न्हाई."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या काळजीची आपण टिंगल करतो आणि तिच्याच भरवशावर निर्धास्त राहतो.

एकदा वालूरची एक शिक्षिका डिस्क ठेवून गेली. वारलेल्या आईनं गायलेली महादेवाची पदं त्यात होती, दुसरीकडे कुठंच नव्हती. आणि डिस्कवर पार्टिशनच दिसेना. "मिळंल ना हो काका?" जाता जाता तिनं चारदा विचारलं.

"आधी नक्कल काढायची. मूळ डिस्कला हात लावायचा न्हाई," मला एवढं बजावून ते जेवायला घरी गेले.

नकलेसाठी मी तेवढ्याच आकाराची कोरी डिस्क जोडली. तेवढ्यात लाइट गेली. आली, मशीन पुन्हा सुरू झालं, तेव्हा मशीननं दोन्ही डिस्कना दिलेली नावं आपसांत बदलली होती. असं होतं, हे मला ठाऊक होतं. वाचलं असतं तर डिस्कच्या नंबरावरून, तो बदलत नाही, कळलंही असतं. पण दुकानात कोणी नव्हतं, आणि एकट्यानं मोठ्यानं वाचायची मला लाज वाटली. जुन्याच नावावर नवं पार्टिशन पाडलं, फॉरमॅट मारला. मग यादी पाहिली. फॉरमॅट शिक्षिकेच्या डिस्कवर झाला होता.

ते आले. माझा चेहरा पाहून दारातच थांबले. "वाचलं व्हतंस ना?"

"हो. मोठ्यानं वाचलं."

त्यांनी स्क्रीनवरची यादी स्वतः वाचून पाहिली. "मग वाचूनबी चुकतंय म्हणायचं."

आठवडाभर कानाला हेडफोन लावून ते सापडलेले तुकडे ऐकत होते. नावं पुसलेली, कितीतरी पदं मधेच तुटलेली. शिक्षिका आली तेव्हा म्हणाले, "पोरी, माझा हात चुकला. निम्मंच निघालं."

"शेवटचं पद?"

"न्हाई गं."

मी शेजारी बसून डबीतले स्क्रू निवडत होतो. मान वर केली नाही.

त्यानंतर ते वाचायचे. पुन्हा वाचायचे. मला वाचायला लावून परत स्वतः वाचायचे. उचललेले हात खालीच येत नसत. शेवटी म्हणायचे, "तू दाब बाबा. तुझ्यावर भरवसा हाय." मी दाबायचो.

पुढं त्यांनी दुकानात येणं सोडलं. खरं सांगायला मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो. गेल्या वर्षी ते वारले.

आता दुकानात मी एकटाच असतो. नाव, नंबर मोठ्यानं वाचतो, येणारे-जाणारे बघतात. वाचून चूक होत नाही. आजवर एकदाही झालेली नाही. त्यांना मात्र मरेपर्यंत वाटत राहिलं, की होते.