डावीकडे बघणारी मुलगी

आमच्या विभागातल्या संख्याशास्त्राच्या सरांना मुलं 'दुर्बीण' म्हणायची. नाव अगदी चपखल होतं. खडू संपला तरी सरांना वाटायचं, कुणीतरी ढापला. महासाथीत अर्धी मुलं वर्गात आणि अर्धी घरून पडद्यावर अशी पद्धत सुरू झाली आणि त्यांच्या संशयाला ऊत आला. वर्गातली मुलं निदान डोळ्यांसमोर तरी होती. घरची मुलं पडद्याबाहेर काय उद्योग करतात, या विचारानं त्यांना चहा गोड लागेना. "कॅमेरा जरा फिरव बघू," हे वाक्य तर त्यांच्या जिभेवरच असायचं.

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेला दुसरी परीक्षक म्हणून मी बसले होते. रिकामा वर्ग, आम्ही दोघंही मास्क लावून, समोर लॅपटॉप. एका मुलीची पाळी आली. प्रश्न विचारला की ती आधी डावीकडे बघायची, मग उत्तर द्यायची. उत्तरं सगळी बरोबर. सरांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

"बाई, बाजूला कुणीतरी बसलंय. आज हिला रंगेहाथ पकडतो."

कॉपी ठरली असती तर पोरीचं अख्खं वर्ष गेलं असतं. पण खरं सांगते, पाल माझ्याही मनात चुकचुकली होतीच.

"कॅमेरा डावीकडे फिरव."

ती गांगरली. परत डावीकडेच बघितलं, मग लॅपटॉप वळवला. खाटेवर तिची आई बसलेली, मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

"सापडल्या!" सर खुर्चीतून अर्धे उठलेच.

"उत्तर नाही हो सांगत, सर." आई रडकुंडीला आली होती. "तुमचाच प्रश्न आवाज न करता, नुसत्या ओठांनी परत बोलते. हिला ऐकायला कमी येतं. ओठ बघून कळतं तिला, आणि तुमचे ओठ मास्कच्या आत."

"असं काय कुणीही म्हणेल. तुम्ही बाहेर जा. दार लावून घ्या."

आई गेली. मला वाटलं, आता तरी पुरे करावं या माणसानं. पण त्यांनी मला लांब खिडकीपाशी पाठवलं, मास्क काढला आणि लॅपटॉपचा माइक चक्क बंद केला. मग पुस्तकाबाहेरचा एक अवघड प्रश्न विचारला.

मुलीनं डावीकडे बघितलं नाही. ती पडद्याजवळ सरकली, क्षणभर विचार केला आणि नीट, सगळं उत्तर दिलं. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीपाशी उभी राहून टाळीच वाजवणार होते.

सरांनी माइक सुरू केला. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं का, सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती उत्तरासाठी त्यांच्या ओठांकडे एकटक बघत राहिली.