सगळीकडची गेली!

दिव्याच्या काचेच्या शेडमध्ये किडे कसे साचतात? एकेक करून, कुणाच्या लक्षात न येता. कलकत्त्यातल्या बेहाला भागातल्या आमच्या क्वार्टर्समधले, शेजारच्या केळकरकाकांचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत. तिखटमीठ माझं, दिवे मात्र त्यांचेच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. टायफॉइडमधून उठल्यापासून काकूंची झोप गेली होती. डॉक्टर म्हणाले, "झोपल्या नाहीत तर अंगात ताकद यायची कुठून?" काकांनी सगळा दोष घातला नव्या ट्यूबलाइटवर. काकू म्हणायच्याच, "या उजेडात घरी बसल्यासारखं वाटत नाही, ऑपरेशनला आणल्यासारखं वाटतं!"

*

काका मंद, पिवळा बल्ब आणायला निघाले. सोबत मी. दुकानदार हसला. "कम रोशनीवाला? दादा, कलकत्ते में अंधेरा तो रोज मुफ्त मिलता है!"

*

पंचवीस वॉटचा बल्ब आणला, तोही काकूंच्या डोळ्यांवर येई. काकांनी त्याला पूजेच्या चौरंगावरचं लाल वस्त्र गुंडाळलं. उजेड काय सुरेख पडला! मग धूर आला. काकू पडल्यापडल्या म्हणाल्या, "अहो, मला झोप हवीय, होम नको!"

*

एका संध्याकाळी लोडशेडिंग झालं. कंदील लागला. काकूंनी शुभंकरोति म्हटलं, चार घास खाल्ले आणि गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवशी वीज गेलीच नाही! लाइट आहे म्हणून हळहळणारा माणूस सबंध कलकत्त्यात मी हा एकच पाहिला.

*

तिसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला काका गुपचूप स्टुलावर चढले, घरातला मेन स्विच खाली ओढला आणि ओरडले, "लाइट गेली हो!"

गॅलरीतून मी साथ दिली, "सगळीकडची गेली!"

समोरच्या बिल्डिंगचे दिवे दिसू नयेत म्हणून खिडकी आधीच लावून घ्यायची, हेही काम माझं. महिनाभरात काकूंच्या चेहऱ्यावर तजेला आला.

*

पुढच्या थंडीत काकांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलातून घरी आले, पण झोपायला घाबरत. "मिटलेले डोळे उघडलेच नाहीत तर रे?" मला हळूच म्हणाले.

मी उशाशी बसलो होतो. सात वाजले. काकूंनी पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि मेन स्विच ओढला.

"लाइट गेली हो!"

खिडकी लावायची राहिली होती. समोर तिन्ही मजल्यांवर दिवे लखलखत होते. काका बघत राहिले.

काकू कंदील घेऊन आल्या.

"सगळीकडची गेली का गं?"

"सगळीकडची."

"मग वात जरा बारीक कर," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.