पॉइंट सहा कुठे गेला

कारखान्यात तिला सगळे पॉइंटताई म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. कुणी "किती आलं?" असं विचारलं तर तिनं आयुष्यात कधी "साधारण एक" असं उत्तर दिलं नव्हतं. "एक पॉइंट तीन," ती सांगायची आणि जरा थांबून हळूच जोडायची, "चारकडे झुकतंय."

तिची बसायची खोली तांब्याच्या जाळीची होती. भिंती, छत, दार, सगळं जाळीनं मढवलेलं. दार लागलं की बाहेरची एकही लहर आत शिरायची नाही आणि फोन मुके व्हायचे. बाकीच्यांना तिथे गुदमरायला व्हायचं. तिला मात्र पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बसल्यासारखं वाटायचं. सकाळी सर्वांच्या आधी येऊन ती मोजणीचं यंत्र चालू करायची. ते तापायला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात ती काही म्हणजे काही करत नसे. पडद्यावरची हिरवी रेघ स्थिर होत जायची, वारा पडल्यावर तळं होतं तशी, आणि ती तिच्याकडे बघत कुठल्या कुठे जायची. असं बावीस वर्षं चाललं होतं.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. लग्नाआधी ती तिथे नंबर काढायला गेली होती. त्यानं "पॉइंट पंचवीस" म्हटल्यावर तिनं, "पुन्हा एकदा बघता का?" असं विचारलं. त्यानं पुन्हा बघितलं. पॉइंट पन्नास निघाला. "त्याच दिवशी मी कानाला खडा लावला, हिच्यासमोर घाईनं काही बोलायचं नाही," असं तो अजून सांगतो. सासूबाईंची समजूत वेगळीच होती. सून रेडिओ केंद्रात आहे असं त्यांनी एकदा ठरवलं ते ठरवलंच. "आज तरी जुनी गाणी लावायला सांग गं त्यांना," त्या रोज म्हणायच्या, आणि ती रोज "सांगते" म्हणायची.

त्या वर्षी कारखाना डोंगरातल्या बचावपथकांसाठी हातातला रेडिओ बनवत होता. अँटेना एक, पण बोलायचे पट्टे तीन: खालचा, मधला आणि वरचा. बोर्डावर अँटेनाची वाट एका चौकात यायची आणि तिथून तीन फाटे फुटायचे. ज्या पट्ट्यावर बोलायचं तो फाटा उघडा, बाकीचे दोन बंद. उघडझाप करायला प्रत्येक फाट्यावर एक डायोड, तांदळाच्या कणीएवढा. खालचे दोन पट्टे शहाण्यासारखे वागत होते. वरच्यावर मात्र चौक ओलांडेपर्यंत सिग्नल एक पॉइंट तीन डेसिबलनं झिजायचा. हिशोबानं पॉइंट सात झिजायला हवा होता. पॉइंट सहा कुठे जातोय ते कळत नव्हतं.

"आत आल्यावर वाढवून घेता येणार नाही का?" तिनं इंजिनिअरला विचारलं होतं. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आणि झोप न झाल्यासारखा कायम डोळे चोळणारा.

"वाढवलं की खरखरही वाढते ताई. दारातच जे सांडलं ते सांडलं. ते परत भरता येत नाही."

सहा आठवडे त्यानं जंग जंग पछाडलं. तीन कंपन्यांचे डायोड लावून बघितले, डाग पुन्हा दिले, बोर्डाचा पत्रा बदलला. दहा तोंडं दहा मतं सांगत होती. साठ बोर्ड तिच्या हातून गेले. प्रत्येक जोडणी ती पाना टक् वाजेपर्यंत आवळायची, केबल हलू नये म्हणून श्वास रोखायची आणि आकडा लिहायची. एक पॉइंट तीन. एक पॉइंट तीन. एक पॉइंट तीन, चारकडे झुकतंय.

मग एका दुपारी इंजिनिअर वरच्या मजल्यावर बैठकीला गेला होता. ती एकटीच होती. केबल जागेवर धरायला तिच्या हातात प्लास्टिकची काडी होती, टोकाला तांब्याची पट्टी गुंडाळलेली. हिरवी रेघ बघता बघता ती नेहमीसारखी दूर निघून गेली. लहानपणी भर दुपारी घरातली सगळी झोपली की ती फरशीवर कान ठेवून पडायची आणि खालच्या घरातलं बोलणं ऐकायची. शब्द नाहीत, नुसती गुणगुण. ती गुणगुण तिला आता ऐकू आल्यासारखी वाटली. हात सैल पडला आणि काडी बोर्डावर टेकली.

रेघ दबली.

ती भानावर आली. काडी उचलली, रेघ वर. काडी टेकवली, रेघ खाली. तिनं भिंग ओढून बघितलं. काडी टेकली होती ती खालच्या पट्ट्याच्या फाट्यावर, चौक आणि डायोड यांच्या मधे. तो फाटा बंद होता. बंद फाट्याला हात लावला तर उघड्याला का दुखावं?

पाच मिनिटं ती नुसती बसून राहिली. मग तिनं खणातून पातं काढलं. बावीस वर्षांत तिनं एकही बोर्ड कापला नव्हता. तिचं काम मोजायचं, आणि हा तर त्या खेपेतला सर्वांत नीट बोर्ड. तळहात तिनं साडीला पुसला आणि चौकाला अगदी लागून, त्या बंद फाट्याची केसाएवढ्या रुंदीची वाट कापून टाकली.

पॉइंट सात.

तिनं यंत्र पुन्हा शून्यावर आणलं, जोडण्या सोडल्या, आवळल्या. पॉइंट सात.

इंजिनिअर परत आला तेव्हा तिनं आधी पातं दाखवलं. "तुमचा बोर्ड कापलाय मी. रागवायचं तर आत्ताच रागवा."

त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला. "काय केलंत नेमकं?"

"गल्लीच्या टोकाला फाटक लावलंय तुम्ही. फाटक बंद आहे, पण चौकापासून फाटकापर्यंतची गल्ली उघडीच राहते ना. वरच्या पट्ट्याला ती बरोब्बर मापाची होत असणार. सिग्नल तिच्यात शिरतो, घुटमळतो, आणि तेवढा पुढचा कमी होतो. मला गणित नाही येत. असं दिसलं ते सांगितलं."

मग कागद ओढून त्यानं फाट्याची लांबी मांडली आणि मान हलवली. "काखेत कळसा," तो म्हणाला. "डायोड मी फाट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, दिसायला सुटसुटीत म्हणून. चौकाला चिकटवायला हवा होता."

नवा बोर्ड तीन आठवड्यांनी आला. डायोड चौकाला खेटून बसवले होते. तिनं मोजलं आणि त्यानं विचारण्याआधीच सांगितलं, "पॉइंट सात पाच. कापल्यापेक्षा जरा जास्त. बंद डायोडमधूनही थोडं झिरपतंच."

"झिरपू दे," तो म्हणाला.

चाचणीसाठी तिला डोंगरावर नेलं. ती प्रथमच आपण मोजलेली वस्तू बाहेर बघत होती. सोंडेवर तिला एकटीला उभं करून बाकीचे समोरच्या सोंडेकडे निघून गेले. धुकं चढत होतं. आधी दरी गेली, मग वाट, मग स्वतःचे पायही अंधुक झाले. जाळीच्या खोलीसारखीच शांतता, फक्त इथे भिंती नव्हत्या. आपण उभ्या आहोत की तरंगतोय, हेच तिला कळेना. भीती कशी ती वाटली नाही. जुन्या बोर्डाचा रेडिओ याच जागी, वरच्या पट्ट्यावर, नुसता खरखरायचा, असं तिला सांगितलं होतं.

"ताई, ऐकू येतंय का?" हातातला रेडिओ अगदी कानाशी बोलल्यासारखा बोलला. मागे इंजिनिअरला लागलेली धापही ऐकू येत होती.

या आवाजाला वाटेत काय काय ओलांडावं लागलं असेल, ते ती धुक्यात शोधत राहिली.

"ताई?"

"येतंय," ती म्हणाली. "तुम्ही दमलात. जरा बसून घ्या."

पुढच्या महिन्यात तिला वरच्या मजल्यावर, आराखडे करणाऱ्यांमध्ये जागा देऊ केली. तिथे मोठ्या खिडक्या होत्या. घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो काच घासत होता. थांबला नाही, पण घाईही केली नाही.

"तुला काय वाटतं?"

"दुपारी जाईन," ती म्हणाली. "सकाळी खालीच बसेन. यंत्र तापायला वेळ लागतो."

आतून सासूबाईंनी विचारलं, वरच्या मजल्यावरून गाणी लावतात का. तिनं हो म्हणून सांगितलं.